एक पाचचं विमान

काचेवर बर्फ पडतो, वायपर तो पुसतो, पुन्हा पडतो. आधी एवढंच दिसतं. मग कळतं, की तुम्ही एका उंच गाडीच्या केबिनमध्ये चालकाशेजारी बसला आहात. पायाशी हीटरची, तापल्या रबराच्या वासाची हवा येतेय. गुडघ्यापर्यंत ऊब आणि खांद्यांवर गारठा. गाडीला आडवा लावलेला भलामोठा गोल झाडू गरगर फिरतोय आणि बर्फाचा भुगा बाजूला उडतोय. गादी पिंजायला घेतली की कापूस जसा अंगणभर होतो, तसा.

प्रवासाचे नियम दोनच. पहिला, तुम्हाला सगळं दिसेल, ऐकू येईल, हवं तिथे आणि हवं त्या सालात जाता येईल. दुसरा, तुमचा आवाज कुणाला ऐकू जाणार नाही. हा दुसरा नियम आत्ता किरकोळ वाटेल.

आज शनिवार, ११ फेब्रुवारी १९७८. गाव क्रॅनब्रुक, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात, रॉकी पर्वताच्या कुशीतल्या दरीत वसलेलं. गाव लहान, विमानतळ त्याहून लहान. सुमारे सहा हजार फुटांची एकच धावपट्टी. आपल्या हिशेबात सांगायचं, तर दोन किलोमीटरला थोडी कमी. तिच्यावर सकाळपासून बर्फ भुरभुरतोय आणि तुम्ही बसला आहात ती गाडी तो झाडत या टोकाकडून त्या टोकाकडे निघाली आहे. मैलभराच्या पलीकडचं काही दिसत नाही. डोंगर आहेत हे माहीत म्हणून आहेत.

चालकाकडे नीट पाहून घ्या. त्याचं नाव आपल्याला नको. हिवाळ्यात लहान विमानतळ चालतात ते अशा माणसांवर. मोठ्या विमानतळावर बर्फ काढणाऱ्या गाड्या रांगेने निघतात. एक धावपट्टी झाडत असली की विमानं दुसरीवर उतरतात. उंच टॉवरमध्ये बसलेला नियंत्रक दोन्हीकडे लक्ष ठेवतो आणि त्याच्या परवानगीशिवाय चाक हलत नाही. इथे दुसरी धावपट्टी नाही. टॉवरही नाही. आहे ती रेडिओची एक खोली. तिला म्हणतात एअरेडिओ. तिथला माणूस वैमानिकाला हवा सांगतो, वारा सांगतो, पट्टीवर काय चाललंय ते सांगतो. पण तो सांगतो फक्त. ‘उतर’ किंवा ‘उतरू नकोस’ म्हणायचा त्याला अधिकार नाही. आपल्याकडे गावातल्या रस्त्यावर ट्रक मागे घेताना कुणीतरी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत उभा असतो, तसं काहीसं त्याचं काम. ब्रेक मात्र त्याच्या पायाखाली नसतो.

बारा पस्तीस. कॅलगरीहून निरोप आलाय. पॅसिफिक वेस्टर्न एअरलाइन्सचं ३१४ क्रमांकाचं विमान तिथून सुटलं आहे आणि क्रॅनब्रुकला एक वाजून पाच मिनिटांनी पोचेल. ही वेळ काढली आहे कॅलगरीच्या हवाई नियंत्रण केंद्राने. तीच रेडिओच्या खोलीत आली आणि तिच्यावरूनच पट्टीवरचं काम चाललंय.

एक पाच. तुम्हीही मनात आकडेमोड करता. अर्धा तास आहे. पट्टी झाडून, वेळेच्या आधी चार-पाच मिनिटं बाजूला होऊन चहा, म्हणजे इथे कॉफी, प्यायलासुद्धा सवड मिळेल. हिशेबात कुठेही चूक नाही. चूक आहे ती हिशेबाला दिलेल्या आकड्यात.

बारा सेहेचाळीस. आता जरा रेडिओच्या खोलीत डोकावू. विमानाचा पहिला आवाज आला आहे. पुढच्या मिनिटाला इथून वैमानिकांना कळवलं जातं, की पट्टीवर बर्फ काढण्याचं काम चालू आहे. पलीकडून पोच येते. ती बातमी गेली, ऐकली गेली, समजली गेली. ह्या खोलीतल्या रिवाजाप्रमाणे आता पुढची खूण ठरलेली आहे. धावपट्टीच्या काही मैल अलीकडे स्कूकम नावाचा एक रेडिओ-दीपक आहे. स्कूकम हा तिथल्या जुन्या चिनूक बाजारबोलीतला शब्द. त्याचा अर्थ दणकट, जोमदार. उतरणारी विमानं त्याच्या डोक्यावरून येतात आणि ‘स्कूकम ओलांडलं’ असं कळवतात. ते शब्द ऐकले, की झाडूच्या गाडीला बाहेर काढायचं. तेवढा वेळ पुरतो. आजवर पुरला आहे.

मात्र हे कळवणं रिवाजाचं आहे, नियमाचं नाही.

आता घड्याळ थांबवा. बारा सत्तेचाळीसवर ठेवा. गाडी तिथेच उभी राहू दे, झाडू अर्ध्या फेऱ्यात. कारण तुमच्या मनात एक रास्त प्रश्न आला असेल. विमान येतंय, तर हा बाबा पट्टीवर आहेच कशाला? राहू दे की थोडा बर्फ. विमान काही स्कूटर नाही घसरायला.

उत्तरासाठी वीस वर्षं आणि पाच दिवस मागे जावं लागेल.

६ फेब्रुवारी १९५८, गुरुवार. जर्मनीतलं म्युनिक, रीम विमानतळ. दुपारचे तीन वाजलेत. तुम्ही धावपट्टीच्या अगदी शेवटच्या टोकाला उभे आहात. खाली वाका आणि हातमोजा काढून जमिनीवरचं मूठभर उचला. हा बर्फ नाही आणि पाणीही नाही. चौपाटीवर बर्फाचा गोळा खाऊन झाल्यावर पेल्याच्या तळाशी जे उरतं, ते. रंग मात्र मातकट. बोटांतून गळतं, पण सगळं गळून जात नाही; जड, ओलं काहीतरी तळहातावर राहतं. वैमानिक त्याला स्लश म्हणतात. आपण रेंदा म्हणू. शब्द चिखलाचा आहे, पण जात तीच.

आता पट्टीच्या मधल्या भागाकडे पाहा. तिथे चाकांच्या रेघा आहेत, रेंदा दोन्ही बाजूंना फेकला गेलाय. इथे तुमच्या पायाशी मात्र तो दुधावरच्या सायीसारखा अखंड आहे. आज इथून उडालेली विमानं इथवर यायच्या आतच हवेत गेली. ह्या शेवटच्या तुकड्यावरून कुणी धावलंच नाही, म्हणून त्याची कुणाला बातमी नाही.

लांबवर एक विमान वळून तोंड तुमच्याकडे करतंय. दोन इंजिनांचं एअरस्पीड अँबॅसडर. बेलग्रेडहून मँचेस्टरला निघालंय, इथे फक्त इंधनाला थांबलं होतं. आत मँचेस्टर युनायटेडचा तरणाबांड फुटबॉल संघ आहे, युरोपियन कपची लढत बरोबरीत सोडवून पुढच्या फेरीत पोचलेला. इंजिनाच्या दाबात चढउतार आले म्हणून दोनदा उड्डाण सोडून द्यावं लागलं. ही तिसरी खेप. कप्तान जेम्स थेन यांच्या शेजारी केनेथ रेमंट हे दुसरे कप्तान आहेत आणि विमान उडवतायत ते.

ते धावायला लागतं. वेगकाटा ११७ नॉटवर जातो. हा निर्णयाचा वेग. त्याच्यापुढे थांबायला पट्टी उरत नाही, उडावंच लागतं. उडायला लागतात ११९. फक्त दोन नॉट कमी आहेत. एवढ्यात पुढची चाकं त्या अखंड तुकड्यात शिरतात.

आवाजच बदलतो. कोरड्या रस्त्यावरून भरधाव जाणारी सायकल वाळूत शिरावी तसा. रेंदा पाण्यासारखा सहज बाजूला होत नाही आणि बर्फासारखा दबूनही राहत नाही. चाकाला तो ढकलत न्यावा लागतो आणि वेग जितका जास्त, तितका त्याचा अडथळा कितीतरी पटीने जास्त. काटा ११७ वरून ११२ वर येतो आणि मग १०५ वर. इंजिनं पूर्ण जोरात असताना वेग कमी होतोय. तुम्ही बाजूला उडी मारता. विमान पट्टी संपवून, कुंपण तोडून, रस्ता ओलांडून एका घरावर आदळतं.

आत ४४ माणसं होती. २३ गेली, त्यांत आठ खेळाडू. त्यांतले रेमंट काही आठवड्यांनी गेले.

थेन वाचले आणि त्यानंतरची अकरा वर्षं त्यांनी एका प्रश्नाशी झुंजण्यात घालवली. जर्मन चौकशीने म्हटलं, पंखांवर बर्फ साचला होता, म्हणून विमान उडालं नाही. हा वाद वरवर विज्ञानाचा, पण आतून जबाबदारीचा होता. पंखांवर बर्फ असेल तर तो झाडून न घेतल्याचा दोष कप्तानाचा. पट्टीवर रेंदा असेल तर तो विमानतळाचा. थेन यांची नोकरी गेली. पुढे ब्रिटनमध्ये मुद्दाम रेंद्यात विमानं पळवून चाचण्या झाल्या, आणि पातळसा वाटणारा थरसुद्धा विमानाला कसा धरून ठेवतो ते आकड्यांत दिसलं. १९६९ मध्ये ब्रिटिश चौकशीने थेन यांना दोषमुक्त केलं. १९७५ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, ते गेले.

तुमच्या तळहातावरचा रेंदा एव्हाना वितळलाय. हात पुसा. परत निघू.

बारा सत्तेचाळीस, क्रॅनब्रुक. घड्याळ सोडा. झाडू पुन्हा फिरू लागतो, आणि आता त्या गाडीकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहता. म्युनिकने जगाला जे शिकवलं तेच हा माणूस इथे करतोय. पट्टी साफ करतोय. तो चुकीच्या जागी नाही, त्याचं काम करतोय.

हिवाळ्यातल्या छोट्या विमानतळाची खरी अडचण ही आहे. पट्टी साफ हवी आणि पट्टी रिकामीही हवी. दोन्ही गोष्टी रास्त, दोन्ही एकाच वेळी अशक्य. साफ करायची तर गाडी पट्टीवर हवी. विमान उतरायचं तर गाडी नको. एकच पट्टी असली की ह्या दोन गरजांमध्ये भिंत नसते, फाटक नसतं. असते फक्त बातमी. कोण कुठे आहे, कधी पोचतो, आत्ता पट्टीवर काय आहे, ह्याची बातमी. आणि बर्फ पडत असताना बातमी फार लवकर शिळी होते.

बारा पन्नास. गाडी पुढे सरकतेय. रेडिओ शांत आहे. मागच्या आरशात झाडलेला काळा पट्टा आणि त्यावर पुन्हा पडत चाललेली पांढरी पूड. एक पाचला अजून पंधरा मिनिटं आहेत. केबिनमध्ये सगळं नेहमीसारखं आहे. खरी धास्ती त्याचीच वाटते.

बारा बावन्न. आता वर जाऊ. ढगाच्या आत, दोन इंजिनांच्या बोइंग ७३७ मध्ये. ४४ प्रवासी, ५ कर्मचारी. विमान लांबचा वळसा न घेता सरळ पट्टीच्या रोखाने येतंय. स्कूकमचा दीपक खालून निघून जातो. उपकरणाची सुई गर्रकन फिरते. दीपक ओलांडला की ती अशीच फिरते. रेडिओवर कुणी काही बोलत नाही. बोलायलाच हवं असा नियम नाही. खालच्या खोलीत कुणीतरी त्या दोन शब्दांची वाट बघतंय.

तुम्ही ओरडता. नियम दुसरा आठवतो.

बारा त्रेपन्न. परत गाडीत. तुम्ही चालकाच्या कानाशी तोंड नेऊन सांगता, बाहेर हो. तो वायपरचा वेग वाढवतो. पडता बर्फ आवाज पिऊन टाकतो हे तुम्हाला पहिल्यांदाच जाणवतं. मुंबईत विमान उतरताना घाटकोपरच्या गच्चीवरचे कपडे थरथरतात. इथे एक जेट विमान दोन मैलांवर आहे आणि कानावर येतोय फक्त हीटरचा पंखा.

बारा पंचावन्न. एक पाचचं विमान दहा मिनिटं आधी जमिनीला टेकलं. पट्टीच्या सुरुवातीपासून सुमारे आठशे फुटांवर.

पुढचं सगळं काही सेकंदांत होतं, म्हणून ते सावकाश पाहा. टेकताक्षणी वैमानिक उलटा जोर लावतात. ह्या ७३७ मध्ये प्रत्येक इंजिनाच्या मागे दोन झडपा असतात, ओंजळीसारख्या. त्या मिटून इंजिनाच्या तोंडामागे येतात, बाहेर पडणारा झोत पुढे वळवतात आणि विमान थोपतं. झडपा फिरू लागल्या आहेत. तेवढ्यात समोरच्या पांढऱ्यातून पिवळट काहीतरी आकार घेतं. पट्टीवर गाडी आहे.

थांबायचं की उडायचं? उडायचं ठरतं. उलटा जोर रद्द, इंजिनं पूर्ण ताकदीवर. दोन हजार फुटांची खूण यायच्या आत चाकं जमीन सोडतात. विमान तुमच्या गाडीवरून पन्नास ते सत्तर फुटांवरून जातं. पाचमजली इमारतीच्या गच्चीएवढी उंची. केबिन आतून उजळते, छपरावर काहीतरी कोसळल्यासारखा आवाज होतो, मग पुन्हा वायपर. गाडीला खरचटलंही नाही. क्षणभर तुम्हाला वाटतं, झालं, सुटलो.

डाव्या इंजिनामागची ओंजळ पूर्ण उघडून आपल्या जागी बसलेली नाही. आणि इथे एक क्रूर चमत्कारिक गोष्ट घडते. झडपा हवेत चुकून फिरू नयेत म्हणून विमानाची चाकं जमिनीवरून उचलली गेली, की त्यांना हलवणारा तेलाचा दाब आपोआप बंद होतो. सुरक्षिततेसाठीच केलेली ती सोय. पण झडप अर्धवट असताना दाब बंद झाला, आणि पूर्ण जोरात सुटलेल्या इंजिनाच्या झोताने तीच झडप ढकलून पुन्हा आडवी केली. उजवं इंजिन विमानाला पुढे ओढतंय, डावं मागे. तीन-चारशे फुटांवर विमान डावीकडे कलतं, कलत जातं आणि धावपट्टीच्या बाजूला बर्फात पडतं.

४९ पैकी ४३ माणसं गेली.

तुम्ही गाडीतून उतरू नका. उतरून करण्यासारखं तुमच्याकडे काही नाही. एकदा घड्याळाकडे पाहा. एक पाच व्हायला अजून काही मिनिटं आहेत. चालकाच्या घड्याळाप्रमाणे, खोलीतल्या वहीप्रमाणे, कॅलगरीच्या हिशेबाप्रमाणे विमान अजून यायचंच आहे.

चौकशी झाली. अहवाल वाचताना जाणवतं, की त्यात खलनायक नाही. कॅलगरीने दिलेली वेळ बरीच चुकली होती, आणि त्यामुळे उतरणारं विमान व पट्टीवरची गाडी समोरासमोर आली. विमान स्कूकमवरून कळवेल ही रेडिओच्या खोलीची अपेक्षा रास्त होती, कारण रोजचा शिरस्ता तसाच होता. अंदाजी वेळेचा वापर, आणि विमानाने आपण कुठे आहोत ते कळवणं, ह्यांविषयीचे तेव्हाचे नियम टक्कर टाळायला पुरेसे नव्हते. शेवटी डाव्या इंजिनाची झडप. चार दुवे, आणि त्यातला एक जरी निखळला असता तरी त्या शनिवारी क्रॅनब्रुकच्या लोकांनी दुपारी बर्फ झाडण्यापलीकडे काही केलं नसतं.

आपण मराठीत ‘निघालोय, पोचतोच’ असं म्हणतो, तेव्हा बोलणारा बहुधा अजून घरीच असतो. ऐकणारा ते ओळखून चहाचं आधण उशिरा ठेवतो. अंदाजी वेळेकडे पाहण्याची ही जन्मजात सावधगिरी आहे. पण तोच अंदाज एखाद्या कचेरीतून, यंत्रावरून, मिनिटासकट आला, की आपले हात आपोआप जोडले जातात. ‘एक वाजता येईल’ ह्यावर कुणी पट्टीवर थांबलं नसतं कदाचित. ‘एक वाजून पाच मिनिटांनी’ ह्यातल्या पाच मिनिटांनी खात्री दिली. आकडा जितका नेमका, तितका तो खरा वाटतो. प्रत्यक्षात तो फक्त नेमका असतो.

आता पुढे निघू, सालं झरझर सोडत. कॅनडातल्या विनाटॉवरच्या विमानतळांचा आजचा नियम पाहा. ढगातून उपकरणांच्या भरवशावर उतरणाऱ्या वैमानिकाने उतरणीला लागायच्या पाच मिनिटं आधी आपण कधी टेकणार ते बोलून सांगायचं, मग शेवटच्या टप्प्यावर येताना पुन्हा सांगायचं. ‘स्कूकम ओलांडलं’ हे शिरस्त्याचे शब्द होते. आज तसे शब्द कायद्याचे आहेत. पट्टीवर बर्फ असला, की गाडी ठरावीक वेगाने पळवून एकदम ब्रेक दाबतात आणि आतलं यंत्र पकड किती ते शून्य ते एक अशा मापात सांगतं. आपल्या डोळ्यांना पट्टी काळी दिसते म्हणून ती कोरडी असते असं नाही, हे थंड देशातला शाळकरी पोरगाही जाणतो. तरी ते मोजायचं असतं.

आणि २००५ च्या डिसेंबरात शिकागोच्या मिडवे विमानतळावर क्षणभर थांबा, पण उतरू नका. तिथे बर्फात उतरलेलं विमान पट्टी ओलांडून रस्त्यावर गेलं आणि एका मोटारीतलं सहा वर्षांचं मूल गेलं. वैमानिकांना पट्टीविषयी जे सांगितलं होतं त्यात कुणाचा ‘ठीक’, कुणाचा ‘वाईट’ अशी सरमिसळ होती. ‘ठीक’ म्हणजे किती ठीक? ह्या प्रश्नातून अमेरिकेत एक तक्ता घडला आणि ४ नोव्हेंबर २०२१ पासून तशीच पद्धत जगभर लागू झाली. कोरड्या पट्टीला सहा. ओल्या बर्फाळ काचेला शून्य. रेंद्याचा थर तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर पाच आणि त्याहून जाड असेल तर थेट दोन. तीन मिलिमीटर म्हणजे किती, तर एकावर एक ठेवलेली दोन नाणी. त्या दोन नाण्यांच्या जाडीवर पाचाचे दोन होतात. म्युनिकला हातात धरलेलं आठवत असेल, तर हे विचित्र वाटणार नाही.

ह्या पद्धतीतली सगळ्यात चांगली गोष्ट मात्र वेगळीच आहे. पट्टीला एक आकडा देत नाहीत, तीन देतात. पट्टीचे तीन भाग करायचे आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा सांगायचा: पाच, पाच, दोन. म्हणजे पहिले दोन तुकडे बरे, शेवटचा वाईट. म्युनिकला ज्या टोकावर तुम्ही उभे होता, जिथे कुणी धावलं नव्हतं म्हणून ज्याची कुणाला बातमी नव्हती, त्या टोकाला आज स्वतःचा आकडा आहे. तो आकडा वाचताना बहुतेकांना म्युनिक आठवत नसेल. तुम्हाला आठवेल.

शेवटचा मुक्काम. वर्तमान. जानेवारीतली पहाट, दिल्लीचा विमानतळ, तुम्ही लेहच्या विमानात खिडकीपाशी. लेहला धावपट्टी एकच, समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचीवर. चहूबाजूंनी डोंगर, म्हणून प्रवासी विमानं एकाच बाजूने उतरतात आणि वारा खवळायच्या आत, सकाळीच उतरतात. विमानाचं दार बंद झालंय, इंजिनं मात्र सुरू नाहीत. कप्तानाचा आवाज येतो: लेहला धावपट्टीवरचा बर्फ काढायचं काम चालू आहे, आणखी दहा मिनिटं थांबावं लागेल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

शेजारच्या आसनावर पुण्याचे एक काका. कानटोपी, मोजे, मांडीवर चिवड्याचा डबा. पहाटे तीनला उठून आलेले. ते घड्याळ पाहतात, निःश्वास सोडतात आणि तुमच्याकडे वळतात.

“बघा! तिथे पोचायला सव्वा तास. तोवर होईलच की काढून. इथं दहा मिनिटं बसवून काय मिळतं यांना?”

त्यांचा हिशेबही बरोबर आहे. तुमच्या डोळ्यांपुढे वायपर येतो, त्यामागे एक शांत केबिन आणि चालकाच्या घड्याळात न वाजलेले एक पाच. दुसरा नियम आता संपलाय. तुम्हाला बोलता येतं, आणि काकांना ते ऐकू जातं.

“गाडी बाहेर आल्याचं कळू दे, काका,” तुम्ही म्हणता. “मग निघू.”

“कुठली गाडी?” काका विचारतात आणि डबा पुढे करतात.